पिशवी आधी, सायकल मागाहून

हँडलला भाजीची पिशवी अडकवून सायकल चालवली आहे का कधी? दोन किलो बटाटे उजव्या मुठीला लटकवले की सायकल हट्टाने उजवीकडे ओढ घेते. तुम्ही डावीकडे सावरता, पिशवी हिंदकळते, गुडघ्यावर आपटते, की पुन्हा तेच सुरू. शिवाय पिशवीचा बंद चाकाच्या तारांत गेला तर पुढचं चाक जागच्या जागी अडकतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून हा उद्योग मुळीच करायचा नाही. तेच बटाटे मागच्या कॅरिअरला घट्ट बांधले तर हँडलला त्यांचा पत्ताही लागत नाही.

मग कुणीही म्हणेल, सामान मागेच ठेवावं, पुढे ठेवायचा अट्टाहास कशाला? पण फ्रान्समध्ये लांबच्या प्रवासाला निघणारे कितीतरी सायकलस्वार गेली ऐंशी-नव्वद वर्षं सामान पुढेच ठेवत आले आहेत. त्यांच्या सायकलला पुढे, हँडलच्या बरोबर मधोमध, एक चौकोनी कापडी पिशवी असते. चांगली ऐसपैस, तीन-चार किलो सामान सहज मावेल अशी. आणि ती गच्च भरलेली असतानाही सायकल सरळ, शांतपणे धावते. घाट उतरताना, रात्रभर चालवताना, हात दमून गेलेले असतानाही.

हे कसं जमतं? पिशवीत काही जादू नाही. या लोकांनी पिशवीसाठी सायकलच वेगळी बनवली. सगळी मेख आहे पुढच्या चिमट्यात. चिमटा म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे ते दोन पाय. तो फक्त दोन सेंटिमीटर जास्त वाकवायचा. दोन सेंटिमीटर! तुमच्या खोडरबराएवढे नसतील. पण तेवढ्याने सायकलचा स्वभाव बदलतो.

आधी पुढेच का, हे बघू. फ्रान्समध्ये सेंट-एतिएन नावाचं शहर आहे. कोळशाच्या खाणी, रेशमी फिती आणि सायकलींचे कारखाने यांसाठी ते प्रसिद्ध होतं. तिथे पॉल द विवी नावाचे रेशमाचे एक व्यापारी राहायचे. जन्म १८५३ चा. सायकलचं त्यांना इतकं वेड लागलं की रेशीम मागे पडलं आणि १८८७ मध्ये त्यांनी सायकलीवर एक मासिकच काढलं. त्यात ते ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिहायचे. पक्के शाकाहारी, डोंगर चढायची हौस दांडगी, आणि प्रयोग करायचे ते स्वतःवरच. चढाला कुठला गिअर बरा, टायर किती जाड असावा, काय खाल्लं की दम टिकतो, सगळं चालवून बघायचं आणि मासिकात लिहायचं. त्या काळात गिअर बदलणं हे अशक्त माणसाचं काम समजलं जायचं. टूर द फ्रान्स या नावाजलेल्या शर्यतीत तर साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या गिअरना १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. वेलोसियोंना हे साफ अमान्य होतं. आज तुम्ही चढ आला की खटकन गिअर टाकता ना, त्यासाठी या माणसाने आयुष्यभर लेखणी झिजवली आहे.

त्यांचा आणखी एक सल्ला होता: भुकेची वाट बघत बसू नका, त्याआधीच थोडं थोडं खात राहा. लांबच्या प्रवासात हा सल्ला लाखमोलाचा आहे, कारण सायकल चालवताना भूक लागल्याचं कळेपर्यंत पायातलं बळ निम्मं संपलेलं असतं. पण सारखं खायचं तर खाऊ हाताशी हवा. तो मागच्या कॅरिअरला बांधला असेल तर दर वेळी उतरा, दोरी सोडा, खा, पुन्हा बांधा. असं कोण करणार? पिशवी समोर असली की एका हाताने झाकण उघडायचं आणि केळं काढायचं. पिशवीच्या वरच्या बाजूला पारदर्शक कप्पा असतो. त्यात नकाशा ठेवला की पुढचं वळण न थांबता वाचता येतं. पाऊस आला तर रेनकोट वरच ठेवलेला, ऊन चढलं तर अंगातला स्वेटर काढून आत कोंबलेला. दिवसभर लागणारं सगळं डोळ्यांसमोर.

दुसरं कारण वजनाचं. तुम्ही सीटवर बसता तेव्हा तुमचं वजन दोन चाकांवर सारखं वाटलं जात नाही, मागच्या चाकावर जास्त पडतं. खात्री करायची असेल तर मित्राला बसवा आणि दोन्ही टायर जमिनीपाशी किती दबले आहेत ते वाकून बघा. मागच्या चाकावर आधीच बोजा आहे, त्यात सामानही त्याच्याच डोक्यावर कशाला? शिवाय चढावर उभं राहून पायडल मारताना मागे बांधलेलं ओझं सायकलला डावी-उजवीकडे झुलवतं, हे ज्याने अनुभवलं आहे तो विसरत नाही.

कारणं पटली. पण हँडल ओढ घेतं त्याचं काय?

इथे आपल्याला चाक वळतं कसं हे नीट बघायला हवं. तुमची सायकल बाजूने बघा. हँडल ज्या नळीत फिरतं ती नळी उभी नसते, मागे कललेली असते. त्या नळीतून एक सरळ काठी आरपार गेली आहे आणि ती खाली जमिनीला टेकली आहे अशी कल्पना करा. काठी टेकली तिथे खडूने खूण करा. आता चाकाच्या बरोबर मधून, आसापासून, एक ओळंबा खाली सोडा. दोरीला नट बांधला तरी झाला ओळंबा. तो जिथे टेकतो तिथेच टायर जमिनीला टेकलेला असतो. तिथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा एका जागी येत नाहीत! टायरची खूण काठीच्या खुणेच्या मागे असते, साधारण पाच-सहा सेंटिमीटर. सायकल बनवणारे या अंतराला ट्रेल म्हणतात.

हे अंतर काय करतं? ऑफिसातल्या खुर्चीची चाकं बघितली आहेत? खुर्ची कुठेही ढकला, चाकं गरकन फिरून मागे जातात आणि खुर्चीपाठोपाठ येतात. कारण चाक जमिनीला जिथे टेकतं ती जागा वळायच्या खिळीच्या मागे असते. सायकलचं पुढचं चाकही असंच मागोमाग येत असतं. म्हणून वेगात असताना हँडल आपोआप सरळ राहायला बघतं, आणि म्हणूनच मोठी मुलं हात सोडून सायकल चालवण्याचा चावटपणा करू शकतात.

मग ट्रेल भरपूर ठेवला की झालं, असं वाटेल. पण त्याची एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला सगळ्यात मजेदार वाटते. सायकल उभी धरा, फक्त सीटला धरून, आणि हळूच उजवीकडे झुकवा. हँडल आपणहून उजवीकडे वळेल. कुणी वळवलं? कुणीच नाही. हँडल वळलं की सायकलचं पुढचं टोक किंचित खाली येतं. इतकं किंचित की डोळ्यांना दिसत नाही. पण वजनदार वस्तूला खाली जायची संधी मिळाली की ती सोडत नाही. ट्रेल जितका मोठा तितकं पुढचं टोक जास्त खाली जातं, आणि हँडल तितक्या जोराने बाजूला पडू बघतं. नुसती सायकल असेल तर हा जोर कळतही नाही. त्यावर तीन किलोची पिशवी ठेवा, मग बघा. चढावर ताशी सात-आठ किलोमीटरने चाललात की हँडल क्षणाक्षणाला इकडे-तिकडे कलायला लागतं आणि तुमचे हात त्याला आवरून दमतात.

म्हणजे पुढे पिशवी ठेवायची असेल तर ट्रेल कमी हवा. तो कमी कसा करायचा? चिमटा पुढे वाकवून! चिमटा जास्त वाकवला की चाक पुढे जातं, टायर टेकायची जागाही पुढे सरकते आणि खडूच्या दोन खुणा जवळ येतात. पुष्कळांना हे उलटं वाटतं. कागदावर काढून बघा म्हणजे पटेल.

आपण हिशेबच करू. फ्रान्समध्ये प्रवासी सायकलींना आवडीने लावतात तसं एक चाक घ्या. रिम ५८४ मिलिमीटर व्यासाची, वर ४२ मिलिमीटरचा गुबगुबीत टायर. आसापासून जमिनीपर्यंतचं अंतर झालं ३३४ मिलिमीटर. हँडलची नळी जमिनीशी ७३ अंशांचा कोन करते. चिमटा आस ४५ मिलिमीटर पुढे नेईल इतका वाकवला, तर ट्रेल येतो ५५ मिलिमीटर. तोच चिमटा ६५ मिलिमीटर पुढे नेईल असा वाकवला, तर ट्रेल उरतो फक्त ३४. दोन सेंटिमीटरच्या बाकाने ट्रेल एवढा खाली आला. हे गणित दहावीतल्या त्रिकोणमितीचं आहे. घरात दहावीतली ताई किंवा दादा असेल तर त्यांना हे सूत्र द्या: त्रिज्येला कोनाच्या कोसाईनने गुणा, त्यातून बाक वजा करा, आणि उरेल त्याला साईनने भागा. उत्तर आलं नाही तर त्यांना दोन धडे मागे पाठवा.

ट्रेल कमी करत करत शून्यावर किंवा त्याच्याही पलीकडे नेला तर? हा प्रश्न डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला पडला होता. रसायनशास्त्रज्ञ असून सायकलच्या मागे लागला, मला अशी माणसं फार आवडतात. मुद्दाम चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायची, असं त्याने ठरवलं. तेव्हा बहुतेकांची समजूत होती की चाक गरगर फिरत असतं, त्या फिरण्याच्या जोरावर सायकल उभी राहते. जोन्सने पुढच्या चाकाच्या बाजूला, जमिनीला न टेकणारं दुसरं चाक बसवलं आणि ते उलट दिशेने फिरवलं. एका चाकाचा जोर दुसऱ्याने खाऊन टाकला. आता सायकल पडायला हवी! पण जोन्स तिच्यावर बसून आरामात फिरला. मग त्याने चिमटा उलटा बसवला, बाक मागे. ट्रेल खूप वाढला. ही सायकल कुणी न बसता नुसती ढकलून दिली तरी बराच वेळ स्वतःची स्वतः धावत राहायची. शेवटी त्याने पुढचं चाक इतकं पुढे नेलं की टायरची खूण काठीच्या खुणेच्या पुढे गेली. ती सायकल मात्र चालवता चालवता त्याच्या नाकी नऊ आले. हे सगळं त्याने १९७० मध्ये छापून प्रसिद्ध केलं.

इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी एक छोटीशी, कुणी न बसायची सायकल बनवली. तिच्यात चाकाच्या फिरण्याचा जोर काढून टाकलेला होता, आणि टायर टेकायची जागाही काठीच्या खुणेच्या किंचित पुढे ठेवलेली होती. म्हणजे जोन्सच्या हिशेबाने ती पडायलाच हवी. ती पडली नाही! ढकलून दिली की स्वतःला सावरत धावायची. कारण तिच्या पुढच्या भागातलं वजन मोठ्या विचाराने ठेवलं होतं: खाली, आणि वळायच्या रेषेच्या, म्हणजे आपल्या त्या काठीच्या, पुढे. सायकल एका बाजूला झुकली की ते वजन हँडलला त्याच बाजूला वळवायचं, चाक पडू बघणाऱ्या सांगाड्याच्या खाली जायचं आणि सायकल पुन्हा उभी.

वजन कुठे ठेवलं आहे यालाही हँडल वळवायची ताकद असते, असा याचा अर्थ. आणि आपली पिशवी कुठे असते? वळायच्या रेषेच्या पुढेच. मग ती आणखी कुठे असावी हे आता तुम्हीच सांगू शकाल. जमेल तितकी खाली. जमेल तितकी वळायच्या रेषेजवळ. पिशवी रेषेपासून दुप्पट लांब गेली तर तिला वळवायला आणि थांबवायला दुप्पट नाही, चौपट जोर लागतो. हँडलपासून हातभर पुढे लोंबणाऱ्या पिशवीने सायकल का पिसाळते ते यात आलं.

पॅरिसला लागून लव्हाल्वा-पेरे नावाचं उपनगर आहे. १९३८ च्या सुमारास तिथे दोन कारागिरांनी अशा सायकली बनवायला सुरुवात केली. एक रने एर्स आणि दुसरा अ‍ॅलेक्स सिंगर. एर्स आधी विमानांच्या कारखान्यात होता, त्यामुळे हलकं असूनही दणकट कसं करायचं हे त्याच्या हातात बसलेलं होतं. हे लोक नुसती फ्रेम बनवून देत नसत. मडगार्ड, पुढचं छोटं कॅरिअर, दिवे, आणि एर्स तर ब्रेक आणि पायडलचे दांडेसुद्धा स्वतःच बनवायचा. त्या काळी तिकडे अशा सायकलींच्या परीक्षा व्हायच्या. सायकलचं वजन करायचं, मग डोंगरातल्या खडबडीत रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर पळवायची, आणि शेवटी कुठला नट सैल झाला, कुठला दिवा बंद पडला हे शोधून गुण कापायचे. जास्त वजनाला गुण कमी आणि मोडतोडीला त्याहून कमी! या परीक्षांनी कारागिरांना जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. एर्सची मुलगी लिली हीसुद्धा पट्टीची सायकलस्वार झाली. सिंगरचं दुकान आजही लव्हाल्वामध्ये आहे.

अशी सायकल बनते कशी? आधी माणूस मोजला जातो. पायांची आतली लांबी, धड, हात, खांद्यांची रुंदी. मग कागदावर पूर्ण सायकल काढायची, चाक, टायर, मडगार्ड सगळ्यासकट. मजा म्हणजे यात पिशवी फार आधी येते. खालून वर चढत जाऊ: टायर, त्यावर बोटभर जागा सोडून मडगार्ड, त्याला जवळजवळ टेकलेलं छोटं कॅरिअर, आणि कॅरिअरपासून हँडलपर्यंत जी जागा उरेल ती पिशवीची. उंच माणसाचं हँडल उंच, म्हणून त्याला उंच पिशवी मिळते. बुटक्या माणसाला छोटी पिशवी. बुटक्या माणसाने हट्टाने मोठी घेतली तर झाकण हँडलच्या वर येतं आणि हाताला अडतं. पिशव्या बनवणारे म्हणूनच एकाच नमुन्याच्या २२, २५ आणि २८ सेंटिमीटर उंचीच्या पिशव्या ठेवतात.

मग नळ्या. पोलादाची नळी बाहेरून सगळीकडे सारखी दिसते, पण चांगल्या नळीच्या पोटात एक गुपित असतं. टोकांना तिची भिंत ०.८ मिलिमीटर जाड आणि मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर! जोड टोकांना येतो, ताण तिथे पडतो, म्हणून जाडी तिथेच. मध्ये उगाच वजन कशाला वागवायचं? ही युक्ती इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्स कंपनीची, १८९७ ची. ही कंपनी मुळात खिळे बनवणारी, बरं का. फ्रेम पोलादाचीच हवी असंही नाही. आपल्या पुण्यात शशिशेखर पाठक यांनी बांबूच्या फ्रेमच्या सायकली हाताने बनवल्या आहेत आणि त्यांना ‘बांबूची’ असं नाव दिलं आहे.

नळ्या कापल्या की त्यांची टोकं कानशीने घासून अर्धगोल करतात, म्हणजे एक नळी दुसरीच्या गोलाईवर चपखल बसते. मग झाळकाम. जोडावर आधी पांढरट लेप लावतात, तापल्यावर धातूवर गंज चढू नये म्हणून. ज्योत फिरवत फिरवत जोड लालसर होईपर्यंत तापवायचा आणि चांदी मिसळलेल्या धातूची तार त्याला टेकवायची. पोलाद वितळायला १५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ही तार सहाशे-सातशे अंशांतच पाणी होते. आणि मग एक सुंदर गोष्ट घडते. दोन नळ्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो धातू आपणहून शिरतो. फट वर चढत असली तरी शिरतो! ज्योत जिकडे नेली तिकडे तो फटीतून धावतो, आणि दुसऱ्या बाजूला चकचकीत बारीक रेघ उमटली की कारागिराला कळतं, आत सगळीकडे पोचला. शाळेच्या पुस्तकातलं केशाकर्षण ते हेच.

आता आपला चिमटा. त्याचे पाय वर जाड आणि खाली निमुळते. ते न तापवता, थंडच वाकवतात. एक जाड, गोलाई दिलेला साचा पक्का बसवलेला असतो. निमुळतं टोक साच्याच्या खाचेत अडकवायचं, वरच्या टोकात लांब दांडा घालायचा आणि सावकाश, एका दमात खाली दाबायचं. मध्येच थांबून पुन्हा दाबलं तर नळीला खळगा पडायची भीती. सोडलं की पोलाद थोडं मागे सरकतं, म्हणून मापापेक्षा थोडं जास्तच वाकवावं लागतं. मग दोन्ही पाय शेजारी शेजारी सपाट पाटावर ठेवून जुळतात का बघायचं. फ्रेंच चिमट्यांचा बाक अगदी खाली, चाकाच्या आसाजवळ असतो. दिसतोही डौलदार, आणि खालचा तो निमुळता भाग खड्ड्यातला दणका थोडा पोटात घेतो. शिवाय आस किती पुढे आला हे मोजायचं: ६५ मिलिमीटर हवेत ना? मग ६५ च.

आणि पिशवी? जाड, घट्ट विणीचं सुती कापड आणि कडांना चामड्याची पट्टी. प्लॅस्टिकचा जमाना असून सुती का? कारण सुताचा धागा भिजला की फुगतो. धागे फुगले की विणीतली भोकं बुजतात आणि पाणी आत यायला वाट उरत नाही. पावसाला कापडच दार लावून घेतं. मला ही युक्ती कुठल्याही रबरी पिशवीपेक्षा प्यारी आहे. फ्रान्समध्ये जील बेर्तू यांच्या कारखान्यात अशा पिशव्या अजून बनतात.

पिशवी हँडलला लटकत नाही, हे लक्षात ठेवा. तिचं सगळं वजन खालच्या छोट्या कॅरिअरवर असतं. वर हँडलजवळ दोन छोट्या खुंट्यांची एक कडी असते. पिशवीच्या पाठीवरचा कंस त्यात वरून सरकवला की ती मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलत नाही. चहाला थांबलात तर वर उचलायची आणि खांद्याला लावायची. झाकण चालवणाऱ्याच्या बाजूने उघडतं. ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी पिशवीखाली चेपता कामा नयेत. चेपल्या तर गिअर स्वतःच्या मर्जीने उडायला लागतात. आणि दिवा? हँडलवर लावला तर तो पिशवीच्याच पाठीवर उजेड पाडत बसेल. म्हणून दिवा खाली, कॅरिअरच्या बाजूला लावतात. पुष्कळ सायकलींत त्याची वीज पुढच्या चाकाच्या हबमध्येच तयार होते, ३ वॉट, चालवणाऱ्याच्या पायांच्या जोरावर. बॅटरी नाही, चार्जर नाही.

कमी ट्रेलच्या या सायकलीवरून पिशवी काढून घेतली तर पुढचा भाग हलका पडतो आणि हँडल बोटाच्या स्पर्शानेही वळतं. काहींना ते आवडतं, काहींना बिचकायला होतं. आणि सगळं ओझं मागे लादून चालवली तर उतारावर हँडल थरथरायला लागण्याची शक्यता असते. तसं झालं तर घाबरून मूठ आवळायची नाही. एक गुडघा वरच्या दांडीला टेकवून हळूहळू वेग कमी करायचा, थरथर थांबते.

अशा सायकलींची खरी कसोटी लागते पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला. पॅरिसहून समुद्राकाठच्या ब्रेस्टपर्यंत जायचं आणि परत यायचं, १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तासांत. सुरुवात १८९१ ची. तेव्हा ती शर्यत होती. आता चार वर्षांतून एकदा होते आणि पहिला कोण, दुसरा कोण हे विचारत नाहीत. वेळेत परत आलात, जिंकलात. भारतातूनही सायकलस्वार जातात, त्यात महाराष्ट्रातलेही असतात. त्यासाठी आधी आपल्याकडे पात्र व्हावं लागतं: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. पुणे, मुंबई, नाशिक भागात अशा फेऱ्या होत असतात. पहाटे अंधारात, अंगात चकाकते जाकीट घातलेले सायकलस्वार दिसले तर त्यांच्या सायकलींकडे नीट बघा. सामान कुणी कुठे बांधलं आहे?

तुमच्या सायकलला पुढे पिशवी लावायची असेल तर छोटी घ्या, पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारी. आत एक-दीड किलोच्या वर काही नको. जड वस्तू तळाला आणि तुमच्या बाजूला, हलक्या वर आणि पुढे. पिशवी टायरला टेकत नाही ना, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी वायरी ओढल्या जात नाहीत ना, हे उभ्या सायकलवर तपासा. ब्रेक दाबून बघा. मग रिकाम्या मैदानात एक चक्कर पिशवी रिकामी ठेवून मारा, एक भरून. दोन्ही वेळा अगदी सावकाश चालवा, कारण फरक वेगात कळत नाही, सावकाश चालवताना कळतो. खडू, ओळंबा आणि सरळ काठी घेऊन आपला ट्रेलही काढा. तो झाला की दादाच्या गिअरवाल्या सायकलचा, मग दूधवाल्या काकांच्या जुन्या काळ्या सायकलचा, त्यांना विचारून. तिथे हँडलची नळी किती तिरपी आहे आणि चिमटा किती लांबवर वाकला आहे हेही मोजा. तिन्ही सायकलींचे आकडे वहीत एकाखाली एक लिहा, आणि पिशवी कुठल्या सायकलवर सगळ्यात शांत बसेल याचा अंदाज, चालवून बघायच्या आधीच, शेजारी लिहून ठेवा.